चारची मीटिंग पुण्यात साडेआठला असते

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, आणि दाखला दिला जर्मनी-जपानचा, महायुद्धानंतर त्या लोकांनी हेच केलं म्हणून. मी जर्मनीतच राहते, श्टुटगार्टला, त्यामुळे तेव्हापासून घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला की सगळे मलाच विचारतात, तुमच्याकडे नक्की कसं आहे ते सांग. मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य आलं, सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं-ऑफिसांची दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांची १२ तास करायला मंजुरी दिली, आणि डिसेंबरमध्ये सुप्रिया सुळेंनी ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खाजगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडलं. सगळं भांडण तासांच्या आकड्यावर चाललंय.

आधी तो दाखला बघू. युद्धानंतर इथे लोकांनी मरमर काम केलं हे खरंच आहे, पन्नासच्या दशकात ४८ तासांचा आठवडा आणि शनिवारीही कामावर. पण त्याच दशकात, १९५६ ला, इथल्या कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम काढली, पोस्टरवर लहान मुलगा आणि खाली लिहिलेलं, शनिवारी बाबा माझे. देश उभा राहत होता तेव्हाच तास कमी करायची मागणी चालू होती, आणि पुढे ते कमी झालेही. १९८४ ला मेटल कामगारांनी ३५ तासांसाठी मोठा संप केला आणि १९९५ पर्यंत पश्चिम जर्मनीत तो आठवडा मिळवलाही. मूर्तींच्या दाखल्यात ही पुढची चाळीस वर्षं नाहीत.

आज कायद्याने दिवसाला ८ तास, फार तर १०, तेही पुढे सरासरी ८ वर यायला हवी. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती, म्हणजे रात्री दहाला काम संपवलं तर सकाळी नऊच्या आधी सुरू करायचं नाही. तास नोंदवावे लागतात, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांचे जास्त झालेले तास खात्यात जमा होतात आणि सुट्टी म्हणून परत मिळतात. वर्षाला माणशी १,३४० च्या आसपास तास भरतात, श्रीमंत देशांत सगळ्यात कमी, पण तो आकडा फेकताना हेही सांगायला पाहिजे की इथे पार्टटाइम काम करणाऱ्या बायका खूप आहेत आणि त्यामुळे सरासरी खाली येते.

मला स्वतःला यात सगळ्यात मोलाची वाटते ती सुट्टीची पद्धत. उन्हाळ्यात लोक सलग तीन आठवडे जातात, आणि प्रत्येकाच्या जागी कोण बघणार ते आधीच ठरलेलं असतं. जायच्या आधी हँडओव्हर लिहायचं, काय अर्धवट आहे, कोणाला फोन करायचा, आणि काय मी येईपर्यंत थांबलं तरी चालेल. ही शेवटची यादी करताना जे कळतं ना ते कुठलंही प्लॅनर ॲप शिकवत नाही, अर्जंट अर्जंट म्हणून ज्याच्यामागे धावत होतो त्यातलं निम्मं तीन आठवडे आरामात थांबू शकतं. आणि काम एकाच माणसाच्या डोक्यात अडकून राहत नाही. आपल्याकडे मात्र "त्याच्याशिवाय प्रोजेक्ट हलत नाही" हे कौतुकाने बोललं जातं, आणि तो बिचारा बहिणीच्या हळदीला मांडवाच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेला.

म्हणून टाइम मॅनेजमेंटवरची सकाळी पाचला उठा, टू-डू लिस्ट करा, मोबाइल लांब ठेवा ही भाषणं ऐकली की मला राग येतो. हिंजवडीत काम करणारी माझी मावसबहीण हे सगळं करते, अगदी मनापासून करते. पण संध्याकाळी सहाला कोणीतरी साडेआठचा कॉल टाकला की तिचा आखलेला दिवस मोडला, मग त्यात तिची शिस्त काय करणार? स्वतःचा वेळ स्वतः आखायचा तर त्यावर दुसऱ्याने कधी हात टाकायचा नाही हे आधी ठरलेलं लागतं, आणि ते ठरवणं मॅनेजरच्या आणि कंपनीच्या हातात असतं, तिच्या नाही.

इथे मुलांची किटा, म्हणजे पाळणाघर, साडेचार-पाचला बंद होते, आजी जवळ नसते, पोळ्यांच्या मावशी नसतात, म्हणून बाप माणसंही चारला कॅलेंडर बंद करून उठतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही. पुण्यात ऑफिसला उशीर परवडतो कारण घरी कोणीतरी आजी, कोणीतरी मावशी ते तास भरून काढत असते. त्यांचे तास ७० मध्येही नाहीत आणि ९० मध्येही नाहीत.

पण जर्मनीची नुसती आरती करायची नाहीये मला. एक तर इथेही वाद पेटलाय, चान्सलर मेर्त्स म्हणतात चार दिवसांच्या आठवड्याने देशाची समृद्धी टिकणार नाही, आणि सरकारला दिवसाऐवजी आठवड्याची मर्यादा आणायची आहे. मला ते पटत नाही, कारण रोजची मर्यादा गेली की रोजची संध्याकाळ जाते. दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं, इथली शांत संध्याकाळ थोडीफार पुण्याच्या जिवावर उभी आहे. हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, म्हणजे इथे चारला ठेवलेली मीटिंग तिकडे रात्री साडेआठची, आणि मीटिंग संपताना "सकाळपर्यंत बघून ठेवा" असं म्हटलं की इकडचे लोक घरी जातात आणि तिकडचे कामाला लागतात. इथला ११ तासांचा नियम त्यांना लागू नाही.

यावर उपाय अवघड नाहीये. जर्मनीचे सकाळचे नऊ ते बारा म्हणजे पुण्याचे हिवाळ्यात दीड ते साडेचार आणि उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन, दोघांचाही धड कामाचा वेळ. सगळ्या एकत्र मीटिंगा त्यातच बसवायच्या. अमेरिकेच्या क्लायंटबरोबर हे जमत नाही हे मान्य, पण युरोपबरोबर शंभर टक्के जमतं. पुण्यातले मॅनेजर म्हणतात क्लायंटला वेळ बदला म्हणून कसं सांगायचं, काम दुसऱ्याला गेलं तर? भीती खोटी नाही, म्हणून हे एकेका डेव्हलपरवर सोडून चालणार नाही, आणि आमच्यासारख्या इकडे बसलेल्यांनी मीटिंग टाकतानाच तिकडची वेळ बघायला पाहिजे. करारात सपोर्टचे तास, उत्तर किती वेळात द्यायचं, दंड किती, सगळं लिहिलेलं असतं, त्याच पानावर मीटिंगची वेळही लिहिता येते.