आधी सांगितल्यानं पाळी लवकर येत नाही

नागपूरच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुलीला पाळीबद्दल आधी सांगू नका, भीती बसते आणि पाळी लवकर येते. आली की तीन दिवस डोक्यावरून पाणी नको, लोणच्याला हात नको. आणि दर २८ दिवसांनी आली नाही तर औषध सुरू करा.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. पाळी कधी येणार हे मेंदूतून बीजांडकोशाकडे जाणारी संप्रेरकं ठरवतात. अनुवंश, पोषण आणि वजनाचा त्यावर परिणाम होतो, आईच्या बोलण्याचा नाही. उलट शरीरच आधी सूचना देतं. छाती वाढू लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, आणि त्याआधी काही महिने अंगावर पांढरं जातं. म्हणजे चौथी-पाचवीतच बोलायला हवं. भीती बसते ती न सांगितलेल्या मुलीला: आपल्याला आतून लागलंय किंवा मोठा आजार झालाय, असं समजून ती चड्डी लपवते. आणि नुसतं ‘रक्त येतं’ एवढं सांगून भागत नाही. पहिल्यांदा बरेचदा तपकिरी डागच दिसतो, तोही थोडासा. पॅड उघडून दाखवा, चड्डीला तिच्याच हातानं लावू द्या. आपल्याकडे जूनअखेरीस शाळा उघडते, तेव्हा दप्तरात दोन पॅड, एक चड्डी आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद असू द्या. बाबांनाही माहीत असू द्या. त्या दिवशी घरी तेच असतील कदाचित.

अंघोळीचं काय बोलावं! मे महिन्यात पारा ४५ वर जातो त्या गावात मुलीला अंघोळ नाकारायची? रोज डोक्यावरून करू द्या. पॅड चार-सहा तासांनी बदलायचा. कापड असेल तर धुऊन उन्हात वाळवायचं, पलंगाखाली दडवून नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्यानं.

२८ दिवसांचा हट्ट सोडा. पहिली एक-दोन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, त्यामुळे २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून देऊ नका. मात्र आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तीन महिने खंड पडला, सात दिवसांवर रक्त गेलं किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा. कॅलेंडरवर खुणा केलेल्या तारखा सोबत न्या, डॉक्टर आधी त्याच विचारतात.