क्रूझ कंट्रोल म्हणजे पेडलवर ठेवलेला दगड नव्हे : एका कमेंटला सविस्तर उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की क्रूझ कंट्रोल (पेडलवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगावर ठेवणारी सोय) म्हणजे ॲक्सिलरेटरवर दगड ठेवल्यासारखं आहे, साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ८० ला सेट केलेली तुमची गाडी उतारावर ९४ वर गेली, आणि मी मात्र "स्पीड कायम राहतो" असं लिहून लोकांच्या जिवाशी खेळतोय. उतारावरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. मी चढाबद्दल भरभरून लिहिलं आणि उतार सोडून दिला, ती चूक माझी, आज सकाळीच मूळ पोस्टमध्ये तो भाग घातलाय. पण दगडाचं काही पटत नाही.

दगड ठेवला तर काय होईल बघा, पेडल एकाच जागी अडकून राहील, मग चढ आला की गाडी दम टाकणार आणि सपाटी आली की सुसाट सुटणार. क्रूझ याच्या बरोबर उलटं करतं, ते थ्रॉटल, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनात उघडणारी झडप, सारखं कमीजास्त करत राहतं म्हणून तर काटा एका जागी राहतो.

आपल्या भागातलं उदाहरण द्यायचं तर गुऱ्हाळावरचं डिझेल इंजिन. माझ्या मामांचं कराडजवळ गुऱ्हाळ होतं, दिवाळीनंतर आम्ही पोरं तिकडेच पडून असायचो. चरकात ऊस नसला की इंजिन हलकं टुकटुक वाजायचं, आणि गड्यानं पाचसहा ऊस एकदम सारले की आवाज क्षणभर खाली बसायचा, धुराड्यातून काळा धूर निघायचा आणि लगेच इंजिन परत आपल्या चालीवर यायचं. डिझेल कुणी वाढवलं? कुणीच हात लावलेला नसायचा. मामांनी एकदा इंजिन खोललेलं असताना गव्हर्नर दाखवला, फिरणारी दोन वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिन मंदावलं की वजनं आत येतात, स्प्रिंग पंपाचा दांडा ढकलते, डिझेल जास्त जातं, आणि वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, डिझेल कमी होतं. जेम्स वॉटनं १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला हीच फिरती वजनं लावली होती. क्रूझ कंट्रोल हा त्याच घराण्यातला आहे, दगडाच्या नाही.

गाडीत ही कल्पना आणली राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं, आणि हा माणूस वयाच्या पाचव्या वर्षापासून पूर्ण आंधळा होता. असं सांगतात की त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की स्लो व्हायचे आणि ऐकायला लागले की वेग वाढवायचे, त्या हिसक्यांनी टीटर वैतागले. ज्याला रस्ता दिसत नाही त्याला प्रत्येक हिसका अंगावर जाणवतो, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं.

आता वजनं आणि स्प्रिंग जाऊन कॉम्प्युटर आला. वेग सेन्सरवरून कळतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा हा कॉम्प्युटर, सेट केलेल्या वेगाशी तो ताडून बघतो आणि मोटरनं थ्रॉटल उघडतो नाहीतर मिटतो. पण गंमत यापुढे आहे. समजा वेग ८० हवाय आणि चढाला ७७ झालाय. नुसतं "तीननं कमी आहे म्हणून इतकं थ्रॉटल दे" असा हिशोब ठेवला तर गाडी ७७ लाच अडकते, कारण फरक मिटला की जादाचं थ्रॉटलही जातं आणि गाडी परत पडते. म्हणून ईसीयू दुसरा एक हिशोब ठेवतो, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा. वेग कमी आहे तोवर दर क्षणाचा फरक वहीत चढत जातो, आणि बाकी वाढेल तसं थ्रॉटल वाढतं, पार ८० ला पोचेपर्यंत. वेग किती झपाट्यानं पडतोय यावरही नजर असते, त्यामुळे चढ लागल्या लागल्या गाडी सावरते.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येताना घाट चढून झाला तरी गाडी थोडा वेळ ओढतच राहिली. ते या उधारीमुळे झालं असणार असं मला वाटतं. पाचव्या गिअरमध्ये जड चढ, थ्रॉटल पूर्ण उघडं तरी वेग पडतोय, वहीत बाकी चढतेय, आणि माथा आला की ती बाकी फिटेपर्यंत गाडी जोर सोडत नाही. चांगल्या सिस्टीममध्ये ही बाकी ठरावीक मर्यादेपुढे चढू देत नाहीत. मॅन्युअल गाडीत क्रूझ तुमच्यासाठी गिअर टाकत नाही हेही लक्षात घ्या.

आता तुमचे ९४. उतारावर ईसीयूला वेग वाढलेला दिसतोच, तो थ्रॉटल मिटत जातो, मिटत जातो आणि पूर्ण मिटलं की त्याच्या हातात काहीच उरत नाही. मग गिअरमधलं इंजिन गाडीला जेवढं मागे धरेल तेवढंच, आणि वरच्या गिअरला ते फारसं धरत नाही. साध्या क्रूझला ब्रेक मारता येत नाही, काही नव्या गाड्यांत येतो, तुमच्या गाडीत तसा दिसत नाही. म्हणजे सिस्टीम फेल झाली नव्हती, तिच्याकडे ते हत्यारच नव्हतं. बोगद्यानंतरचं ते एस वळण अपघातांसाठी किती बदनाम आहे तुम्हाला माहितीये, तिथे क्रूझ बंदच पाहिजे, बोगद्याच्या आधीच ब्रेकला नुसता पाय लावा, पेडलवरचा स्विच क्रूझ तोडतो, आणि गिअर खाली घ्या. पावसातही मी लावत नाही, चाक घसरलं की पाय आधीच पेडलवर असलेला बरा.

रडारवालं ॲडाप्टिव्ह क्रूझ घ्या असं तुम्हाला खाली एकानं सुचवलंय, त्यावरही बोलायला हवं. ते पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजतं, ब्रेकही मारतं, चांगलंच आहे. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या वस्तू अशा बऱ्याच सिस्टीम सोडून देतात, नाहीतर प्रत्येक कमान आणि बोर्ड बघून गाडी ब्रेक मारत सुटेल. आणि आपल्याकडे गळीत हंगामात रात्री काय असतं? मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, उसाची जोडट्रॉली पंक्चर होऊन लेनमध्येच उभी. मागच्या हंगामात पेठ नाक्याच्या अलीकडे अशीच एक ट्रॉली मला हेडलाइटमध्ये दिसली ती आधी लोंबणाऱ्या पाचटामुळे. माझं क्रूझ तेव्हा बंद होतं आणि पाय ब्रेकवर होता म्हणून थांबलो. हंगाम सुरू असताना अंधार पडला की मी कुठलंच क्रूझ लावत नाही, रडारवालं असलं तरी.

पेट्रोलचं तुम्ही विचारलंय, सपाट मोकळ्या रस्त्याला थोडं वाचतं, घाटात उलट जास्त जाऊ शकतं.

एक सांगा, घाट चढताना गाडी कितव्या गिअरला होती आणि वेग किती खाली आला होता? बऱ्याच गाड्यांत वेग फारच पडला की क्रूझ आपोआप सुटतं, तुमच्यात सुटलं नाही असं दिसतंय. गाडीचं मॉडेल आणि साल पण टाका, मॅन्युअल शोधून बघतो.