न्यूटन मिनो आयांवर नव्हे, चॅनेलवाल्यांवर चिडले होते

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज दबका, कारण शेजारी लेक झोपलेली. "ताई, तो अमेरिकेतला जज खरंच असं म्हणाला होता का गं?"

कोण जज? मग तिने स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेली पोस्ट, वर लाल अक्षरांत "आयांनो, जाग्या व्हा!" हीच पोस्ट मला सोसायटीच्या ग्रुपवरही आली होती आणि मी न वाचता पुढे गेले होते. बहिणीने मात्र अक्षर न् अक्षर वाचली आणि दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन करून कनेक्शन बंद करायला सांगितलं.

ती सकाळी सहा बावन्नची लोकल पकडते, संध्याकाळी साडेसातला घरी येते. नवरा फिरतीवर. ती पोळ्या लाटते तेवढा वेळ पाच वर्षांची लेक हॉलमध्ये प्राण्यांचा कार्यक्रम बघत बसते. ओट्यापाशी उभं राहून मान वळवली की पोर दिसते, म्हणून टीव्हीची जागासुद्धा तिने तशीच ठरवली आहे. पोस्ट ग्रुपवर आली त्या संध्याकाळी सासूबाई देवळातून लवकर परतल्या, तर ही कणकेच्या हातांनीच धावत गेली आणि टीव्ही बंद केला. रिमोटच्या बटणांच्या फटीत ती कणीक अजून वाळून बसली आहे. स्वतःच्या घरात चोरी पकडल्यासारखी धावली माझी बहीण, आणि तेही एका खोट्या पोस्टमुळे. म्हणून हे लिहिते आहे.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. न्यूटन मिनो हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. १९६१ साली त्यांनी टीव्ही म्हणजे 'वाळवंट' असा निकाल दिला आणि अमेरिकेत कार्टूनवर बंदी आली. मोबाईल चालतो तो उपग्रह त्यांनीच बनवला आणि नंतर त्यांना पश्चात्ताप झाला. स्वतःच्या घरात त्यांनी टीव्ही येऊ दिला नाही, म्हणून तिन्ही मुली वकील झाल्या. टीव्हीने मूल बिघडलं तर दोष आईचा, असं ते सांगत. आणि म्हातारपणी ते म्हणाले की टीव्हीमुळे आपल्या नातवंडांचं नुकसान होईल.

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, त्याकडे नंतर येते. बाकीचं झटपट उरकते.

मिनो न्यायाधीश कधीच नव्हते. जन्म १९२६, मिलवॉकी शहरातला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या सिग्नल तुकडीत होते आणि हिंदुस्थान ते चीन टेलिफोनची लाइन टाकण्याच्या कामासाठी आपल्याच भागात येऊन गेले होते. नंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचे लॉ क्लार्क म्हणून काम केलं. लॉ क्लार्क म्हणजे न्यायाधीशांना संशोधनात आणि लिखाणात मदत करणारा तरुण वकील. पोस्टवाल्याने बहुधा इथूनच त्यांना जज केलं. पुढे केनेडींनी त्यांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचं अध्यक्ष नेमलं, तेव्हा ते पस्तिशीत होते. रेडिओ आणि टीव्ही केंद्रांना लायसन्स देणारी ही संस्था. मार्च १९६१ ते जून १९६३, जेमतेम सव्वादोन वर्षं ते तिथे होते.

कार्टूनवर अमेरिकेत बंदी कधीच आली नाही. ज्याला 'निकाल' म्हटलंय ते एक भाषण होतं, आणि त्याच भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितलं की सरकारी सेन्सॉरशिपला माझा ठाम विरोध आहे. कंटाळवाण्या, मारधाडीच्या कार्यक्रमांची जी यादी त्यांनी वाचली तिच्यात कार्टूनही होती, हे कबूल. पण यादीत नाव घेणं वेगळं आणि बंदी घालणं वेगळं.

उपग्रह त्यांनी बनवला नाही. संदेशवहनाच्या उपग्रहांसाठी १९६२ चा कायदा व्हावा म्हणून ते झटले. माणूस अंतराळात पाठवण्यापेक्षा हे उपग्रह महत्त्वाचे आहेत, कारण त्यांतून विचार आकाशात जातील आणि विचार माणसापेक्षा जास्त टिकतात, असं त्यांनी केनेडींना सांगितलं होतं. पश्चात्ताप झालेल्या माणसाची ही भाषा नाही.

मुलींचं बघू. तिघीही कायदा शिकल्या हे खरं, मार्था तर हार्वर्ड लॉ स्कूलची डीन झाली. पण टीव्हीचा वारा लागू न दिल्यामुळे हे घडलं म्हणणाऱ्याने नेल या मुलीकडे बघावं. ती 'मूव्ही मॉम' या नावाने वर्षानुवर्षं सिनेमांची परीक्षणं लिहिते आहे, मुलांसोबत काय बघावं ते आईबापांना सांगते. खुद्द मिनो पुढे अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीचे, पीबीएसचे, अध्यक्ष झाले आणि सीबीएस या बड्या नेटवर्कच्या संचालक मंडळावरही बसले. टीव्ही दाराबाहेर ठेवणारा माणूस हे का करेल?

आता त्या आईच्या वाक्याकडे. बाकी सगळं चुकीचं असूनही एक वेळ निरुपद्रवी आहे, हे नाही. या वाक्याने माझ्या बहिणीला रडवलं.

९ मे १९६१. वॉशिंग्टनमध्ये टीव्ही-रेडिओ केंद्रांच्या मालकांची राष्ट्रीय परिषद. समोर आया नव्हत्या, शिक्षक नव्हते. समोर लायसन्सवर पैसा कमावणारे लोक होते. मिनो आधी म्हणाले की टीव्ही चांगला असतो तेव्हा नाटक, मासिक, वर्तमानपत्र, कशालाच त्याची सर येत नाही, आणि वाईट असतो तेव्हा त्याच्याइतकं वाईट काही नाही. मग मालकांना आव्हान दिलं: केंद्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत स्वतःच्या टीव्हीसमोर बसा, हातात पुस्तक नको, नफ्यातोट्याचा ताळेबंद नको. तुम्हाला जे दिसेल ते 'व्हास्ट वेस्टलँड' असेल. पोस्टमध्ये याचं 'वाळवंट' झालंय. मी त्याला पडीक रान म्हणेन. वाळवंटात काही पिकतच नाही. पडीक रानात पिकू शकतं, पण ज्याच्या ताब्यात आहे तो कसत नाही. मिनोंचा राग होता तो याच गोष्टीचा.

आणि मुलांबद्दल नेमकं काय म्हणाले? पूर्वी मुलावर तीन मोठे संस्कार होत असत: घर, शाळा आणि चर्च. आता चौथा आला आहे, आणि तो या खोलीत बसलेल्या तुम्हा मंडळींच्या हातात आहे. पुढे म्हणाले, आईबाप, शिक्षक आणि धर्मगुरू जर रेटिंग बघून वागले असते तर मुलांना रोज आइस्क्रीम आणि शाळेला सुट्टी मिळाली असती. लगेच मालकांना सवाल: मग तुमच्या जबाबदारीचं काय?

मामा, हे दोनदा वाचा. या माणसाने आईबापांना चांगलं उदाहरण म्हणून पुढे केलंय. लोकप्रियतेच्या मागे न लागता मुलाचं हित बघणारे म्हणून. आरोपी समोर बसले होते. भाषणाचा शब्दशः मजकूर आणि ध्वनिमुद्रण दोन्ही नेटवर आहे, सापडायला पाच मिनिटं लागत नाहीत.

त्यांचा सगळा युक्तिवाद वकिली होता आणि पक्का होता. हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या. लायसन्सधारक म्हणजे अठरा कोटी अमेरिकनांच्या वतीने त्या सांभाळणारा विश्वस्त. विश्वस्ताने नफा कमवावा, पण ज्यांच्यासाठी विश्वस्त नेमला त्यांना काय मिळालं याचा हिशेब द्यावा. त्या काळी लायसन्स तीन वर्षांचं असे आणि नूतनीकरणाचा शिक्का आपोआप पडत असे. मिनोंनी बजावलं की हे आता चालणार नाही, लायसन्समध्ये कायमचं किंवा पवित्र असं काही नसतं. घाव नेमका कुणाला लागला ते यावरून समजतं की तीनच वर्षांनी एका विनोदी मालिकेच्या निर्मात्याने वचपा म्हणून वादळात फुटलेल्या बोटीला त्यांचं नाव दिलं. अमेरिकेतल्या आयांना त्यांच्यावर चिडण्याचं काही कारण नव्हतं.

हा विचार आपल्याला परका नाही. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा सरकारशी खटला झाला, त्यात १९९५ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई लिहिली आहे. ती मनाई कंपन्यांना आहे. पोळ्या लाटणाऱ्या बाईला नाही.

आता तो नातवंडांचा मुद्दा. भाषणाला तीस वर्षं झाली तेव्हा, १९९१ मध्ये, मिनो म्हणाले होते: १९६१ मध्ये मला काळजी होती की माझ्या मुलांना टीव्हीचा फारसा फायदा होणार नाही, आता काळजी आहे की माझ्या नातवंडांना त्यातून इजाच होईल. हे खरं आहे आणि मला ते मान्य करावं लागतं. स्क्रीनसमोर तासन् तास सोडलेलं मूल बघून मलाही वाईट वाटतं, आणि बहिणीची लेक जेवताना टीव्ही मागायला लागली तर मीच तिला टोकेन. पण त्याच भाषणात ते असंही म्हणाले की लोकांनी माझे 'व्हास्ट वेस्टलँड' हे दोन शब्द लक्षात ठेवले, मला मात्र दुसरे दोन शब्द लक्षात राहायला हवे होते: 'पब्लिक इंटरेस्ट'. लोकहित. पुढे १९९५ मध्ये त्यांनी एका सहलेखकासोबत मुलं, टीव्ही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यावर अख्खं पुस्तक लिहिलं. उच्चारस्वातंत्र्याच्या नावाखाली मुलांना बाजारात सोडू नका, हे त्यांचं मागणं कायदे करणाऱ्यांकडे आणि चॅनेलवाल्यांकडे होतं. २०१६ मध्ये ओबामांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ६ मे २०२३ रोजी, ९७ व्या वर्षी, शिकागोत ते गेले. साठ वर्षं ज्यांनी मालकांकडे जाब मागितला, त्यांच्या नावावर बायकांना टोचणारं वाक्य खपवलं जातंय, याचा मला मनापासून राग आहे.

मामा, तुम्ही वाईट हेतूने पाठवलं नाही हे मला माहीत आहे. पण ती पोस्ट तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलीत तिथे हेही टाका, आणि आईबद्दलचं ते वाक्य खोटं आहे हे तुमच्या शब्दांत लिहा. तुमचं ऐकतात सगळे. आणि बहिणीला एक फोन करा, दुपारी दीडला तिची जेवणाची सुट्टी असते. केबलवाल्याशी मी बोलले आहे, तो शनिवारी येतो म्हणालाय.