स्पंज झाड नाहीये, प्राणीच आहे : फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

सोलापुरातल्या दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, जुळे सोलापूर काय नि अक्कलकोट रोड काय, बहुतेकांकडे आलाच असेल. म्हणणं असं की बोर्डाच्या पुस्तकात स्पंजला प्राणी म्हटलंय ते साफ चूक, स्पंज ही समुद्रातली वनस्पती, कारण तो जागचा हलत नाही, त्याला मेंदू नाही, पोट नाही, काही स्पंज हिरवे असतात, तुकडा तोडला तर परत वाढतो, आंघोळीचा स्पंज तर घोसाळ्याचाच असतो, आणि शास्त्रज्ञांमध्येसुद्धा यावर वाद चालू आहे. मी दहावीची सायन्सची शिकवणी घेतो, आता मुलं विचारतायत की सर पेपरात नेमकं लिहायचं काय, म्हणून हे लिहितोय.

हलत नाही, हे मोठ्या झालेल्या स्पंजाबद्दल बरोबरच आहे, पुस्तकातही स्थानबद्ध असंच दिलंय. पण प्राणी ठरायला हलावंच लागतं असा नियम कुठंय? कोकणात खडकाला चिकटलेली कालवं आयुष्यभर तिथंच असतात, त्यांना कोणी झाड म्हणतं का? आणि स्पंज लहानपणी हलतो की! अंड्यातून तयार झालेली त्याची अळी बारीक केसांसारख्या तंतूंनी पाण्यात पोहत जाते, जागा सापडली की चिकटते, मग तिथंच मोठी होते.

मेंदू नाही पोट नाही हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून जरा सविस्तर. मेंदू, नसा, स्नायू, पोट यातलं स्पंजाकडे काहीच नाही, मान्य. मग तो जगतो कशावर? झाड उन्हातून स्वतःचं अन्न तयार करतं, स्पंज दुसऱ्याला खातो. त्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, आत कॉलर पेशी असतात, प्रत्येक पेशीला एक हलणारं शेपूट आणि त्याच्याभोवती अतिसूक्ष्म धाग्यांची गोल कॉलर, शेपटाच्या वळवळीने पाणी ओढलं जातं आणि त्यातले बॅक्टेरिया कॉलरला अडकतात, ते ती पेशी गिळते आणि पचवते. म्हणजे पचन पोटात नाही, पेशीत होतं. उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर. लोकांना वाटतं स्पंज नुसता पाणी पितो, पण तसं नाहीये, आपला सोलापुरी टॉवेल पाणी धरून ठेवतो, जिवंत स्पंज पाणी सतत पुढं ढकलत असतो. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाचा तुकडा पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर भोकातून पाण्याची जोरदार धार आणि तिच्याबरोबर कण बाहेर पडताना दिसले. त्याआधी मोठमोठे लोक स्पंजाला वनस्पतीत टाकत होते, म्हणजे मेसेजवाल्याची शंका दोनशे वर्षं जुनी आहे आणि तिचं उत्तरसुद्धा तेव्हाच मिळालंय.

शिवाय वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भिंत असते, स्पंजाच्या पेशीला भिंतच नाही. उलट त्याच्या अंगात कोलॅजन नावाचं प्रथिन आहे, तेच जे आपल्या कातडीत आणि हाडांत असतं. झाडात कोलॅजन नसतं.

हिरवा रंग. काही स्पंज हिरवे असतात, गोड्या पाण्यातला स्पंजिला घ्या, पण तो हिरवेपणा त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाचा आहे. अंधाऱ्या जागी वाढलेला हाच स्पंज फिका पांढरट असतो आणि तरी जिवंत असतो, कारण पाण्यातलं गाळून खाणं चालूच असतं.

तोडला तर वाढतो, हा मुद्दा तर मेसेजच्याच विरोधात जातो. १९०७ मध्ये अमेरिकेत प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, पार पेशी पेशी सुट्या झाल्या, खाली नुसता गढूळ थर. थोड्या वेळाने त्या पेशी अमिबासारख्या सरपटायला लागल्या, एकमेकींना शोधून चिकटल्या, गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून परत छिद्रं, कॉलर पेशी, सगळं असलेला स्पंज तयार झाला! मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. झाडाची फांदी लावली तर ती वाढते, पण झाडाच्या पेशी भिंतीत बंद असतात, त्या अशा सरपटत जाऊन एकत्र येत नाहीत.

घोसाळ्याचं म्हणाल तर अंग घासायची ती जाळी खरंच वाळलेल्या घोसाळ्याची असते, ती वनस्पतीच. भांडी घासायचा पिवळा स्पंज बहुतेक वेळा प्लास्टिकचा फोम. दोन्हींचा या प्राण्याशी संबंध नाही. खरा आंघोळीचा स्पंज म्हणजे युस्पंजिया या समुद्री प्राण्याचा, स्पंजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा, पुस्तकात नाव आहे बघा.

राहिला वाद. वाद आहे, खोटं कशाला बोलू, आणि तो चांगलाच रंगलेला आहे. प्राण्यांच्या वंशवृक्षावर सगळ्यात आधी वेगळी झालेली शाखा स्पंजाची, की टीनोफोर नावाच्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या पारदर्शक प्राण्यांची, यावर २००८ पासून जनुकांचा अभ्यास करणारे दोन्ही बाजूंनी संशोधनाचे पेपर काढतायत. पण दोन्ही बाजूंना स्पंज प्राणीच आहे, भांडण फक्त पहिला कोण याचं. परीक्षेच्या पेपरात रंध्रीय प्राणीसंघ, म्हणजे अंगावर छिद्रं असलेल्या प्राण्यांचा गट, असंच लिहा.