हॉल सेन्सर उपटण्याआधी एवढं वाचा

इंदूरच्या ई-रिक्शावाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतोय. मोटारीतले हॉल सेन्सर (मोटारीचा फिरता भाग कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे) बिनकामाचे, सारखे जळतात. सेन्सरलेस, म्हणजे सेन्सरशिवाय मोटार चालवणारा कंट्रोलर लावा, पिकअप तोच राहतो. पुरावा काय, तर घरचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीचा) पंखा.

पंखा सेन्सरशिवाय चालतो, मान्य. पण त्याला ढकलायची असते हवा, आणि तिचा भार वेगाबरोबर वाढत जातो. रिक्शात 4 सवाऱ्या बसलेल्या असतात. पूर्ण जोर लागतो तो चाक हलण्याआधीच.

‘पिकअप तोच’ हे तर साफ चूक. मोटारीच्या तीन फेजपैकी (तारेच्या वाइंडिंगपैकी) दोन फेजमधून करंट वाहत असताना तिसऱ्या, मोकळ्या फेजवर फिरत्या चुंबकांमुळे व्होल्टेज तयार होतो. तो मध्यबिंदू ओलांडून गेला की 30 विद्युत अंशांनी (चुंबकांची एक उत्तर-दक्षिण जोडी पुढे सरकली की 360) फेज बदलायची, एवढ्यावरच साधा सेन्सरलेस कंट्रोलर चालतो. हा व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतो. चाक थांबलेलं असेल तर शून्य, म्हणजे कंट्रोलर आंधळा. मग तो रोटरला (चुंबक असलेल्या फिरत्या भागाला) आधी एका जागी खेचतो, न बघताच ठरलेल्या गतीने फेज बदलत नेतो आणि व्होल्टेज पुरेसा दिसू लागला की मग ताबा घेतो. इंदूरच्या राजवाडा चौकातल्या गर्दीत हा अंदाजपंचे कारभार दर थांब्याला नव्याने. चढावर भरलेली रिक्शा जरा मागे सरकली की फेज पुढे, रोटर मागे. मोटार जागीच घरघरते, करंट चढतो, मॉस्फेट (कंट्रोलरमधले करंट चालू-बंद करणारे स्विच) भाजतात. थांबलेल्या रोटरची जागा ओळखायच्या पद्धती आहेत, पण त्यांना रोटर वळेल तसं वाइंडिंगचं इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) बदलावं लागतं. चुंबक रोटरच्या पृष्ठभागावर चिकटवलेले असले तर तो बदल अगदी थोडा असतो.

राहिलं ‘सारखे जळतात’. आधी तार घासलीय का, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा. मग कंट्रोलर जोडलेलाच ठेवून सेन्सरच्या लाल-काळ्या तारांत 5 व्होल्टच्या आसपास येतात का ते मोजा. काळ्याच्या तुलनेत पिवळी, हिरवी, निळी एकेक मोजत चाक हाताने हळू फिरवा. प्रत्येकीवर 0 आणि 5 च्या जवळपास उड्या दिसल्या पाहिजेत. एक अडकली तर तो सेन्सर किंवा त्याची तार गेली. कनेक्टर काढून, बाहेरून नुसते 5 व्होल्ट देऊन मोजलंत तर चांगला सेन्सरही मेलेला वाटेल, कारण सिग्नल वर खेचणारा रेझिस्टर कंट्रोलरमध्ये असतो.

सेन्सरसह आणि सेन्सरशिवाय, दोन्ही पद्धतींवर चालणारा कंट्रोलर घ्यायला हरकत नाही. वाटेत सेन्सर गेला तर सवाऱ्या उतरवा, हाताने धक्का द्या आणि रिकामी रिक्शा घरी आणा.