पाखरं खातात म्हणून तुम्ही खाऊ नका

पहिला पाऊस पडला की तो निरोप पुन्हा फिरू लागतो: 'भाजीवर पैसे कशाला घालवता? रस्त्याकडेला उगवलेलं रान म्हणजे फुकटचं औषध. गुरं-पाखरं खातात ते माणसालाही चालतं. कच्चं वाटून प्या, शिजवलं की सत्त्व जातं. कडू असेल तर जास्त गुणकारी.' सोबत नावं टाकलेले हिरवेगार फोटो. रानभाज्या मला फार प्रिय आहेत, त्या घराघरांत शिजाव्यात असंच वाटतं. म्हणून तर हा निरोप बघून जीव घाबरा होतो.

पाखरांचं आधी बघू. पिवळ्या कण्हेरीची फळं कोकीळ खातो आणि त्याला काही होत नाही. त्याच फळातली बी माणसाच्या पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. पाखराच्या पचनावरून आपलं पचन ठरत नाही.

'कच्चं वाटून प्या' हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ठाणे-पालघर-रायगडकडची शेवळंच घ्या. पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे हे कोंब सुरणाच्या कुळातले. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं शेवळ तोंडात गेलं तर जीभ-घसा खाजून सुजतो. म्हणून शेवळं नीट निवडतात आणि काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालून चांगली शिजवतात. बाजारात शेवळांच्या शेजारी काकडांचा वाटा असतो तो यासाठीच. अळूत चिंच किंवा आमसूल पडतं त्याचंही कारण हेच. भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून मग फोडणीला टाकतात. कडू करांदेही उकडून, पाणी टाकून दिल्याशिवाय कोणी खात नाही. उकळल्याने क जीवनसत्त्व कमी होतं हे खरं, पण ते लिंबातून मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जपलेली ही रीत गाळली, तर हातात उरतो नुसता पाला.

आता फोटो. टाकळा म्हणून फिरणाऱ्या फोटोत कासविंदा सहज खपून जाईल. टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या आसपास पावसाळा सरल्यावर लहान मुलं एका गूढ आजाराने दगावत. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर घाला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी त्याचं संभाव्य कारण दाखवलं: मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया. कळलावीचं फूल बघून तिला कोणीही ओळखेल, पण फुलाआधी नुसता कंद हाती लागला तर? त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, आणि तो खाऊन माणसं मेलेली आहेत. मोबाइलच्या पडद्यावर ना वास येतो, ना पानाची लव हाताला लागते.

कडू म्हणजे गुणकारी? कारलं, मेथी यांचा कडूपणा ओळखीचा आहे. पण काकडी, दुधी, दोडका यांच्या कुळात अवचित लागणारा कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो आणि तो विषारी. कडू दुधीचा रस पिऊन लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या, काही दगावले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सल्ला सरळ होता: रस कडू लागला तर पिऊ नका.

रस्त्याकडेचं तर नकोच. तिथे गाड्यांचा धूर बसतो, गटाराचं पाणी मुरतं, आणि हल्ली बांधांवरही तणनाशक मारलेलं असतं.

राहिला पैशाचा प्रश्न. काटकसर मलाही हवी, पण ती कुंडीत होते. माठ, अंबाडी, घोळ पेरा. माठाचं एक झाड तुऱ्यावर येऊ द्या, पुढच्या वर्षीचं बी घरचंच. रानातली भाजी मात्र वाटे लावून बसलेल्या कातकरी, ठाकर, वारली मावशींकडून विकत घ्या आणि घेताना विचारा: कोवळी कुठवर खुडायची, पाणी टाकायचं का, आंबट काय घालायचं? त्या आनंदाने सांगतात.

आणि अनोळखी काही खाऊन घसा सुजला, उलट्या झाल्या, तर घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नका. त्या झाडाचा पाला, फळ, कंद जे उरलं असेल ते पिशवीत घालून तडक दवाखाना गाठा; काय खाल्लं ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.