व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणजे माल हलका करणं नव्हे

घर बांधायला काढलेल्या माणसाच्या मोबाइलवर हल्ली एक मजकूर हमखास येऊन पडतो. त्याचा गोषवारा असा: ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग हे माल हलका करण्याचं गोंडस नाव आहे. त्या नावाखाली सळई कमी करतात, सिमेंट कमी करतात, पक्क्या विटांऐवजी पाण्यावर तरंगणारे ठोकळे लावतात आणि वाचलेला पैसा ठेकेदार नेतो. लंडनचं ग्रेनफेल आठवा. घर मजबूत हवं तर काहीही कमी करू देऊ नका.’ मी बांधकामातला माणूस आहे. या मजकुरातली भीती खोटी नाही, वाईट कामं पाहूनच ती आली आहे. पण ती ऐकून लोक आयुष्यभराची पुंजी जिथे तिचा काही उपयोग नाही अशा जागी गाडतात, हे मला बघवत नाही.

ग्रेनफेलचा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून तो आधी घेतो. १४ जून २०१७ ला मध्यरात्रीनंतर या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ माणसं गेली. आधीच्या नूतनीकरणात बाहेरच्या आवरणासाठी जस्ताचे पत्रे धरले होते. खर्च कमी करताना त्यांच्या जागी पॉलिएथिलीन या जळाऊ प्लास्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आले, आणि आग त्यांच्यावरूनच वर चढली. या काटछाटीला तिथे व्हॅल्यू इंजिनिअरिंगच म्हटलं गेलं होतं, हे खरं.

आता ही पद्धत मुळात काय आहे ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत माल मिळेनासा झाला, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या खरेदी विभागात लॉरेन्स माइल्स काम करत होते. हवी ती वस्तू मिळत नसेल, तर ती जे काम करते ते दुसऱ्या कशाने होईल, हा प्रश्न त्यांनी धरला आणि १९४७ च्या सुमारास त्याची रीतसर पद्धत बांधली. त्या काळातला एक किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. रंगकामाच्या जागी जमिनीवर अंथरायला ॲस्बेस्टॉस हवं होतं, ते मिळेना. पुरवठादाराने विचारलं, ते कशासाठी लागतं? ठिबकणाऱ्या रंगाने आग लागू नये म्हणून. त्याने न जळणारा कागद सुचवला, तोही स्वस्तात. कारखान्याच्या अग्निसुरक्षा समितीने आधी नकार दिला, कारण नियमात ॲस्बेस्टॉस लिहिलेलं होतं. शेवटी नियम बदलला आणि कागद आला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. कारखान्यात ‘आग लागू न देणं’ हे काम आधी ठरलं आणि मग वस्तू बदलली. ग्रेनफेलमध्ये आवरणाने पाऊस अडवावा, ऊब राखावी, दिसायला बरं असावं, एवढंच पाहिलं गेलं. आग पसरू न देणं हे त्याचं काम निवडीत टिकलंच नाही. चौकशीच्या पहिल्या टप्प्यातला निष्कर्षही असा होता की त्या बाहेरच्या भिंती आग पसरण्याविरुद्धच्या बांधकाम नियमात बसत नव्हत्या. म्हणजे पद्धतीची पहिली पायरी गाळली आणि नाव मात्र तिचं दिलं.

दुसरा मुद्दा सळईचा. ‘जितकं जास्त लोखंड तितकं घर मजबूत’ हे साइटवर इतक्यांदा ऐकू येतं की शिकलेली माणसंही मान डोलावतात. बीममध्ये सळई प्रमाणात असली, तर जादा भार आल्यावर ती आधी ताणली जाते, बीम वाकतो, भेगा दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई प्रमाणाबाहेर भरली की आधी काँक्रीट चिरडतं, आणि तेही एकाएकी. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातही बीममधल्या ताणाच्या सळईला काटछेदाच्या ४ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. शिवाय कॉलम-बीमच्या सांध्यात सळयांची गर्दी झाली की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. सेंट्रिंग काढल्यावर नेमक्या त्याच जागी काँक्रीट पोकळ निघतं, मग त्यावर सिमेंटचा हात फिरवून ते झाकतात. जादा सळईचे पैसे मालकाने भरलेले असतात आणि सांधा आधीपेक्षा कमजोर झालेला असतो.

सिमेंटचंही तसंच. त्याच मानकात एका घनमीटरला ४५० किलो ही कमाल मर्यादा आहे, कारण त्यापुढे काँक्रीट आकसून तडकण्याचा धोका वाढतो. राखमिश्रित सिमेंट म्हणजे भेसळ, हा समजही सोडून द्या. पीपीसी म्हणजे हेच सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मानकानेच धरलेली आहे, आणि नीट पाणी मारलं तर त्या काँक्रीटमधून पाणी कमी झिरपतं. मात्र ७ दिवसांऐवजी किमान १० दिवस पाणी मारायला हवं. कोरड्या, गरम हवेत १४ दिवस.

कुठे हात लावायचा नाही, तेही इथेच सांगतो. कोकणात समुद्राच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हवा; ते ‘वाचवायचं’ नसतं. कॉलमच्या टोकांशी सळयांभोवती जवळजवळ घ्यायच्या रिंगाही कमी करायच्या नसतात.

तरंगणाऱ्या ठोकळ्यांबद्दल मला किल्लारीच्या भूकंपाची आठवण द्यावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे ८ हजार माणसं गेली, ती बव्हंशी मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि जड धाब्यांखाली. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. दहा बाय दहा फुटांच्या, १५० मिमी जाडीच्या विटांच्या भिंतीचं वजन अडीच टनांच्या वर जातं. तीच एएसी ब्लॉकची, म्हणजे त्या तरंगणाऱ्या हलक्या ठोकळ्यांची, केली तर एक टनही भरत नाही. आरसीसी सांगाड्यात ही भिंत भार पेलत नाही, ती फक्त आडोसा करते. मग तिचं ओझं बीम, कॉलम, फूटिंग यांनी का वाहायचं? हे ब्लॉक पाणी पितात, म्हणून बाहेरचा गिलावा आणि न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग चोख हवं. जड कपाट टांगायचं तर साधा स्क्रू चालत नाही. एवढं सांभाळलं तर तक्रारीला जागा राहत नाही.

काहीही कमी केलं की घर कच्चं होतं, या समजाला सर्वांत चांगलं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. विदर्भ-मराठवाड्यात पाच-सहा फुटांचे चर खणून दगडाने भरायचे आणि तरी चार-पाच वर्षांत भिंतीला तिरकी भेग, हे अनेकांनी पाहिलंय. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. इथे पायाचं काम आहे हलत्या थराखालची स्थिर जमीन धरणं. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने त्यासाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले: कमीत कमी साडेतीन मीटर खोल भोक, खाली फुगीर कंद, आणि वरच्या प्लिंथ (जोत्याच्या) बीमखाली मोकळी फट, म्हणजे फुगलेली माती त्याला उचलत नाही. खोल काळ्या मातीत यात खोदाई आणि दगड दोन्ही वाचतात आणि भिंतीही शाबूत राहतात.

राहिला ठेकेदाराच्या खिशाचा प्रश्न. तो कराराचा आहे. अमेरिकेच्या सरकारी बांधकाम करारांत ठेकेदाराने अशी सुधारणा सुचवली आणि ती मंजूर झाली, तर ठरलेल्या किमतीच्या कामात वाचलेल्या रकमेतला ४५ टक्के वाटा सरकारकडे राहतो आणि उरलेला ठेकेदाराला मिळतो, सगळं लेखी. आपल्याकडे घराचा ठेका बहुधा चौरस फुटाच्या दराने, मालासकट दिला जातो आणि अशा बदलांबद्दल त्यात एक ओळही नसते. मग गुपचूप कमी केलेला प्रत्येक किलो ठेकेदाराचाच. करारात एवढं लिहून घ्या: कोणताही बदल आरसीसी कन्सल्टंटच्या (सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरच्या) सहीच्या सुधारित ड्रॉइंगशिवाय होणार नाही, आणि दरातला फरक आधी ठरेल. ही चर्चा नकाशे कागदावर असतानाच करा. फूटिंग भरून झाल्यावर कमी करण्यासारख्या उरतात त्या टाइल आणि नळ.